पुलाच्या नऊशे पिढ्या

२ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीच्या नोंदवहीत फक्त आकडे लिहायचे असतात. माझ्या डोक्यात सध्या आकड्यांखेरीज बरंच काही आहे, म्हणून ही वेगळी वही. कोणाच्या हाती पडली तरी माझं अक्षर लागायचं नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

अडचण अशी आहे. नदीवरचा जुना पायी जायचा पूल गेल्या ऑगस्टात बंद झाला. बंद मीच केला. पलीकडच्या टोकाखालचा कडा सरकलाय. टेकूच्या प्लेटीखाली माझा अख्खा अंगठा जात होता. कुलूप लावण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हापासून पलीकडचे लोक मला ‘कुलूपवाले’ म्हणतात. त्यांत माझी सख्खी ताईही आली.

ताईचं घर पलीकडे, दवाखाना अलीकडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचं डायलिसिस. पूर्वी पुलावरून दहा मिनिटांत यायची. आता पलीकडच्या ऐंशी पायऱ्या उतरायच्या, होडीत बसायचं, अलीकडच्या चढायच्या, आणि परत जाताना हेच सगळं उलट. मे संपता संपता पाणी चढलं की होडीही बंद. मग राहिला मोटाररस्त्याचा वळसा, जायला तीन तास, यायला तीन तास. सदुसष्टाव्या वर्षी, आठवड्यातून तीनदा. “माझ्याकडे राहायला ये” म्हटलं की म्हणते, “तुझ्या घरात माझं शिवणाचं मशीन मावेल, मी मावायची नाही.”

म्हणजे मेच्या आत नवा पूल हवा. मी तीन आराखडे केले, सर्वांत हलका अकरा टन. पलीकडे मोठी क्रेन पोचत नाही. तिने अलीकडून हात लांब करून अख्खा पूल एकदम उचलून ठेवायचा, आणि तेवढ्या लांबवर ती साडेसात टनांच्या वर एक किलो उचलत नाही. मधे खांब घालायला नदी जागा देत नाही. पलीकडचा कडा आडवा रेटा सोसणार नाही. मोठे साहेब म्हणाले, “साडेतीन टन कमी करा.” जसं काही पुलाला पथ्यावर ठेवायचंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी मदतीला एक बाई आणल्यात. चाळिशीच्या, दोन मुलांची आई, गणित शिकलेल्या. पुलांतलं आपल्याला काही कळत नाही हे त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगून टाकलं, त्यामुळे भांडायची माझी निम्मी तयारी वाया गेली. मी त्यांना गणितबाई म्हणतो. त्यांना चालतं.

त्यांची रीत ऐकून मला हसू आवरेना. आधी दोनशे पूल करायचे, कसेही. नळ्या इकडून तिकडे, मनाला येईल तशा. मग प्रत्येकावर संगणकात माणसं उभी करायची, आणि कोण किती वाकतो, कोण मोडतो, कोणाचं वजन किती, यावरून गुण द्यायचे. नापास ते काढून टाकायचे. पास झालेल्यांच्या जोड्या लावायच्या. थोडा याचा, थोडा त्याचा असा नवा पूल, आणि त्यात अधूनमधून उगाच एखादा बदल. एक नळी जाड, एक गायब. झाली पुढची पिढी. तिची परत परीक्षा. असं शेकडो वेळा.

“म्हणजे यात विचार कोण करतं?” मी विचारलं.

“कोणीच नाही, सर.”

“मग पूल काढतं कोण?”

“कोणीच काढत नाही. वाईट असतात ते राहत नाहीत, एवढंच.”

मी तीस वर्षं विचार करून पूल काढतोय. चहा घेतला आणि घरी आलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिली पिढी पाहिली. अरे देवा! एका पुलाला दोन पोटं होती. एक अलीकडून निघून पलीकडे पोचलाच नव्हता. एकाच्या सगळ्या नळ्या एका कोपऱ्यात गोळा, लग्नात भांडण झाल्यावर पाहुणे उभे राहतात तशा. मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतून माणसं डोकवायला लागली. गणितबाई गंभीरपणे म्हणाल्या, “यातले चाळीस पास आहेत.”

साठाव्या पिढीपर्यंत मी हसत होतो. ऐंशीव्या पिढीला खुर्ची पुढे ओढली. डबा तसाच राहिला.

दवाखान्यातून ताई नेहमीसारखी घरी टेकायला आली. सोमवारी येते, तासभर पडते आणि मग होडीला जाते. बुधवारी आणि शुक्रवारी मी कचेरीत उशिरापर्यंत असतो म्हणून ती परस्पर जाते. तिला दोन पोटांच्या पुलाचं सांगितलं. म्हणाली, “तू लग्न केलं नाहीस, पूल केलेस. आता त्यांना पोरं व्हायला लागली तर तक्रार कसली?”

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजचं नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

चारशेव्या पिढीच्या सुमाराला पडद्यावरचा गोंधळ निवत गेला. आधी फालतू नळ्या गळल्या. मग उरलेल्या हळूहळू सरकायला लागल्या, हातभर इकडे, वीतभर तिकडे, आणि एका उंच, नितळ कमानीत येऊन बसल्या. कमानीपासून खाली बारीक नळ्या, त्यांना चालायचा पट्टा टांगलेला, आणि कमानीचे दोन्ही पाय त्या पट्ट्यानेच एकमेकांना बांधून धरलेले, म्हणजे कड्यावर रेटा नाही. ही युक्ती माणसांना सुचायला किती काळ लागला असेल! इथे ती कोणाला सुचलीच नाही. ती उरली.

आणि सांध्यांची जाडी. मी जिथे जिथे ‘असू दे’ म्हणून जास्तीचं लोखंड घालतो, त्या प्रत्येक जागी या पुलाने ते काढून टाकलेलं. मी बोटाने पडद्यावर एकेक जागा दाखवत गेलो आणि गणितबाई एकेक आकडा वाचत गेल्या. प्रत्येक ठिकाणी त्याचं बरोबर. तीस वर्षं मी निष्कारण वाहिलेलं ओझं कोणीतरी अलगद उतरवून ठेवत होतं. अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. लहानपणी पहिल्यांदा घड्याळ उघडून पाहिलं होतं तेव्हा जसं वाटलं होतं तसं वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वजन ६.४ टनांवर आलंय. अजून उतरतंय.

ताईची तब्येत सुधारल्यासारखी दिसते. गाल भरलेत, चेहऱ्यावर तुकतुकी आली आहे. बोटातली अंगठी घट्ट झाली म्हणून साबण लावून काढायला लागली. मी म्हटलं, “बाळसं धरलंस.” हसली आणि म्हणाली, “खायला घालतोस ना तू.”

१८ फेब्रुवारी, बुधवार

५.९ टन! साहेबांनी दोनदा विचारलं, टनच ना? मी आराखडा छापून भिंतीवर लावला आणि दिवसभर येता-जाता पाहत राहिलो. कचेरीतला शिपाईसुद्धा थांबून म्हणाला, “छान झालाय.” पुलाच्या आराखड्याला तो आजवर कधी छान म्हणाला नव्हता.

ही बातमी सांगायला दवाखान्यात डोकावलो, तर ताई आलीच नव्हती. फोनवर म्हणाली, होडीवाला आला नाही. बेजबाबदार माणूस.

२२ फेब्रुवारी, रविवार

आराखडा गुंडाळून ताईकडे गेलो. होडीवाला आज बरा हजर होता. मी त्याच्याशी बोललो नाही.

ताई कोणाचंतरी पोलकं शिवत होती. पाय स्टुलावर, चपला काढलेल्या. म्हणाली, चपला आटल्यात. आराखडा तिने कापडासारखा टेबलावर पसरला, हात फिरवून सपाट केला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“देखणा आहे रे. माप कसं घेतलंस?”

“म्हणजे?”

“माणसं कशी उभी केलीस यावर?”

“सगळीकडे सारखी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाटीवाटीने. याहून जास्त वजन येऊच शकत नाही.”

तिने सुई पोलक्यात खोचून ठेवली. “हे बघ धाकट्या. नवीन शिंपी गिऱ्हाइकाला ताठ उभं करून माप घेतो. पोलकं आरशासमोर झकास बसतं. मग ती बाई घरी जाते, फळीवरचा डबा काढायला एक हात वर करते, आणि काखेत टर्रकन फाटतं. एकच हात हं. दोन्ही वर केले असते तर कदाचित टिकलं असतं.”

“पुलाला हात नसतात, ताई.”

“माणसांना असतात. पाण्यात कोणी पडलं, होडी उलटली, तर सगळी एकाच कठड्याशी धावणार. अलीकडे काही झालं तर सगळी अलीकडच्या अर्ध्यात. सारखं पसरून कोण उभं राहतं? तू उभा राहिलायस कधी?”

मी हसण्यावारी नेलं. होडीत बसल्यावर मात्र हसू गेलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कचेरी उघडायच्या आधी पोचलो. गणितबाईंना म्हटलं, अर्ध्याच पुलावर माणसं उभी करा. त्यांनी केली. निम्मी कमान पडद्यावर लाल झाली. मग एकाच कठड्याशी उभी केली, तर पूल कुशीवर वळला.

कमान सारख्या ओझ्याखाली वाघ असते आणि अर्ध्या ओझ्याखाली दुमडते, हा शिक्षणाच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे. मी तो शिकवलाय. माझ्या अकरा टनांच्या आराखड्यात त्याची सोय होती. ते ‘निष्कारण’ लोखंड त्याच्यासाठीच होतं, आणि ते उतरताना मी टाळ्या वाजवत बसलो होतो. पुलाचा यात काही दोष नाही. त्याच्या प्रत्येक पिढीला मी एकच प्रश्न विचारला आणि त्याने त्याच प्रश्नाचं उत्तर इतकं अचूक दिलं की बाकी सगळं विसरून गेला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त धाक वाटला. असं आज्ञाधारक काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

म्हणजे पुन्हा पहिल्या पिढीपासून. तीन आठवडे गेले. साहेब म्हणाले, “पाटी लावू. ‘एका वेळी फक्त वीस माणसं’. आहे तोच थोडा जाड करून घ्या, पाणी काही थांबणार नाही.” खोटं कशाला लिहू, मी तयार झालो होतो. मेमध्ये होडी बंद झाली तर ताईचं काय, हेच डोक्यात होतं.

संध्याकाळी ताई आली तेव्हा तिलाच विचारलं. ती माझ्या घराच्या पायऱ्या चढूनच दमली होती, बराच वेळ भिंतीला टेकून बसली, मग म्हणाली, “पाटी वाचून कोणी धावतं का? नीट कर. मला काही घाई नाही.”

तिला घाई नाही म्हटल्यावर मलाही धीर आला.

२ मार्च, सोमवार

आता परीक्षा कडक केली आहे. प्रत्येक पुलाला अकरा पेपर. पूर्ण भरलेला, अलीकडचा अर्धा, पलीकडचा अर्धा, डावा कठडा, उजवा कठडा, मधे घोळका, दोन्ही बाजूंचा वारा, रिकामा, क्रेनला टांगलेला, आणि सगळी माणसं एका तालात चालणारी. अकरापैकी ज्यात सर्वांत वाईट गुण, तोच त्याचा निकाल. पहिल्या पिढीत एकही पास नाही. गणितबाई म्हणाल्या, “मग सर्वांत कमी नापास झालेले घेऊ.” मला हे फार आवडलं.

दुपारी वेल्डरला बोलावून नमुन्याचे सांधे दाखवले. तो पडद्यासमोर उभा राहून हवेत हात वळवत राहिला, कोपर आत, कोपर बाहेर. मग म्हणाला, “साहेब, हे जोडायला हात कुठून घालू? तुमच्या यंत्राला हात नाही, म्हणून त्याला कळत नाही.” त्याचा हातमोज्यातला हात टॉर्चसकट मोजला आणि नियम घातला. दोन नळ्यांमध्ये तेवढी जागा नसेल तर तो पूल नापास. आता पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच्या हाताच्या मापाने वाढतील. त्याला सांगितल्यावर त्याने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसं काही तो आजच मिळालाय.

६ मार्च, शुक्रवार

पाचशे चाळीसावी पिढी. मी खुर्चीतून उठून मागे भिंतीपर्यंत गेलो, लांबून पाहायला.

कमान आता सरळ नाही. ती अलीकडे झुकली आहे. अलीकडचा पाय रुंद, दोन जाड नळ्यांचा, जमिनीत रोवल्यासारखा, आणि पलीकडे जाता जाता सगळं बारीक, हलकं होत गेलेलं, शेवटी पलीकडच्या कड्यावर नुसता पाय टेकवलेला. तो कडा दुबळा आहे एवढंच आम्ही त्याला सांगितलं होतं. त्याने भार हळूहळू दुसऱ्या टोकाला ओढून घेतला. आजाऱ्याला धरून चालवणारा माणूस आपला पाय फाकवून टाकतो तसा. आणि एकमेकांना तिरक्या छेदणाऱ्या नळ्या, ज्या पहिल्या खेपेला गळून गेल्या होत्या, त्या परत आल्या आहेत. पण मी घालतो तशा ओळीने नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ. अर्ध्या पुलाच्या पेपरात जिथे कमान दुमडते, नेमक्या तिथे दाट.

“असं कोणी सांगितलं याला?” मी परत तेच विचारलं.

“पाचशे चाळीस वेळा चुकल्यावर येतं, सर,” गणितबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज बारीक झाला होता. देवळात बसल्यासारखं वाटलं, आणि हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

या आनंदावर विरजण पडलं ते होडीवाल्यामुळे. ताई आजही दवाखान्यात आली नाही, म्हणून धक्क्यावर जाऊन त्याला झापलं. तो म्हणाला, “मी तर रोज असतो साहेब, सकाळी सहापासून. ताईच नाही आल्या.” वर तोंड करून खोटं बोलतात लोक. मी त्याला बरंच सुनावलं.

११ मार्च, बुधवार

नऊशेव्या पिढीला आकडा थांबला. त्यापुढे पोरं आईबापांपेक्षा सरस निघेनात. ७.३ टन. अकराही पेपर पास. बाहेरच्या तपासनिसाकडे कागद गेले. साहेबांनी वेल्डरला नळ्या कापायला सांगितलंसुद्धा.

ताईला फोन केला तर धापा टाकत होती. म्हणाली, फोन घ्यायला धावत आले. या वयात धावते! बरं वाटलं ऐकून.

१७ मार्च, मंगळवार

ताई दवाखान्यात आहे. छातीत पाणी झालं. पहाटे होडीवाल्याने तिला पाठुंगळीला मारून ऐंशी पायऱ्या उतरवल्या, नदी ओलांडली आणि अलीकडच्या चढवल्या. त्यानेच.

डायलिसिसच्या नर्सने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “आठ किलो पाणी साठलं होतं अंगात. सहा आठवड्यांत अठरा वेळा यायचं होतं, त्या आठ वेळा आल्यात. सोमवार चुकवला नाही, बाकी बहुतेक सगळे चुकवले. त्या म्हणाल्या, भावाला माहीत आहे.”

गाल भरलेत, असं मी लिहिलंय. मागे जाऊन वाचलं. बाळसं धरलंस म्हणालो. अंगठी, चपला, भिंतीला टेकून बसणं, धाप, सगळं माझ्याच अक्षरात ओळीने आहे. प्लेटीखालच्या अंगठाभर फटीवरून मी कडा सरकल्याचं ओळखतो, आणि हे मी आनंदाने टिपून ठेवलं.

१९ मार्च, गुरुवार

आज ती बोलली. नाकातोंडातल्या नळ्या काढल्यात, आवाज बसलाय.

“का चुकवलंस?” मी विचारलं.

“पायऱ्या. सुई काढल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा मधेच बसकण मारली. होडीवाल्याने हात दिला म्हणून, नाहीतर गेलेच होते. मग धीरच होईना. सोमवारी यायचे, तुला तोंड दाखवायला.”

“मला सांगायचं होतंस!”

“सांगून काय केलं असतंस?”

“काय म्हणजे? काहीतरी केलं असतं!”

“घाई केली असतीस,” ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली.

मी तिथेच खुर्चीवर बसून मनातल्या मनात तारखा मोजल्या. ज्या रविवारी तिने पोलक्याचं सांगितलं त्याच्या आदल्या बुधवारीही ती आलेली नव्हती. आराखड्यावर हात फिरवताना तिला पक्कं ठाऊक होतं की आपण तोंड उघडलं तर पूल लांबणार. न बोलती तर एप्रिलात पुलावरून आली असती. तो पहिला पूल, माझा देखणा पूल, तिने स्वतःचे दिवस खर्चून खोडून टाकला, आणि वर म्हणाली, मला काही घाई नाही. मी रडलो. नर्सने पडदा ओढून घेतला.

मग धक्क्यावर जाऊन होडीवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, “सोडा हो साहेब, कुलूप तेवढं लवकर काढा.”

७ एप्रिल, मंगळवार

ताई आता माझ्याकडे आहे. एकही डायलिसिस चुकत नाही. बाकी सगळं चुकतंय. माझ्या घरात सुऱ्या बोथट आहेत, पडदे आखूड आहेत आणि मी घोरतो. तिला रोज लिटरभरच पाणी चालतं, ते ती भांडून मागते आणि मी मोजून देतो. मशीन ती इकडे आणू देत नाही, आणि त्याच्यावाचून तिचे हात नुसते मांडीवर पडलेले असतात, ते मला पाहवत नाहीत. काल म्हणाली, “तू चांगला सांभाळतोस. पण इथे मी पाहुणी आहे. पेशंट तर आहेच, वर पाहुणी.”

पूल होईपर्यंत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पाणी त्याआधी चढलं, तर तिला पलीकडचं घर कायमचं सोडावं लागेल. हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नाही.

तपासनिसाने चार दिवस शंका काढल्या आणि सही केली. वेल्डर म्हणतो, एकही सांधा असा नाही जिथे हात अडकला.

८ मे, शुक्रवार

उचलला.

सकाळी वारा नव्हता. क्रेनच्या काट्यावर ७.३४ दिसलं. दोर ताणले गेले तेव्हा अख्खी कमान एकदा कण्हली आणि जमिनीपासून सुटली. वाकडीतिकडी म्हणून ज्या आकाराला लोक महिनाभर हसत होते तो हवेत गेल्यावर कोणी हसेना. झुकलेला, एका अंगाने भरीव, दुसऱ्या अंगाने निमुळता, आणि तरी क्रेनच्या हुकाखाली अगदी समतोल, कारण टांगल्याचा पेपरही त्याने दिला होता. उन्हात नळ्यांच्या सावल्या पाण्यावरून सरकत गेल्या. मला दिसत होत्या त्या त्याच्या मागच्या सगळ्या पिढ्या, दोन पोटांचे, अर्ध्यात थांबलेले, दुमडलेले, लाखावर पूल, जे कोणी कधी बांधले नाहीत आणि ज्यांच्यावाचून हा झाला नसता. गणितबाई शेजारी उभ्या होत्या. त्या रडत होत्या, की डोळ्यांत धूळ गेली होती, विचारलं नाही.

पलीकडच्या कड्यावर तो टेकला तेव्हा आवाज आला नाही. टेकूखाली अंगठा घालून पाहिला. गेला नाही.

ताईला खिडकीतून क्रेनचं टोक दिसत होतं. म्हणाली, ते हललं की मी श्वास घेत नव्हते.

११ मे, सोमवार

भाराची चाचणी. पाण्याने भरलेली पिंपं आधी अलीकडच्या अर्ध्यात, मग पलीकडच्या, मग सगळी एका कठड्याशी. संगणकाने सांगितलं होतं, अर्ध्या भाराला एकोणीस मिलिमीटर वाकेल. मी मोजणीच्या दुर्बिणीतून तीनदा वाचलं. एकोणीस.

नोंदवहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. तीस वर्षांत माझा एकही पूल सांगितल्याबरहुकूम इतका तंतोतंत वागला नाही; सगळे थोडे कमी वाकले, कारण मी सगळ्यांना भीतीपोटी जाड केलं होतं. पिंपं काढली, आणि तो जिथल्या तिथे परत आला.

जुन्या पुलाचं कुलूप मी खिशात घालून नेलं होतं. होडीवाल्याला दिलं. त्याने लांब फेकून दिलं नदीत.

१५ मे, शुक्रवार

डायलिसिस झालं, तासभर पडली, आणि मग ताई घरी गेली. चालत. मी हात धरायला पुढे झालो तर म्हणाली, “मागून ये.” मधे दोनदा थांबली. मी पाच पावलं मागे, पिशवी घेऊन. दहा मिनिटांच्या पुलाला पंचवीस लागली. दारात पोचल्यावर मला आत न बोलावता आधी मशीनवरचं कापड काढलं आणि चाकाला तेल घातलं.

माझं घर रिकामं वाटतंय. पडदे तिने जाण्याआधी हाताने शिवून लांब करून ठेवलेत.

२१ मे, गुरुवार

नदी काल फूटभर चढली. होडी ओढून वर घेतली.

दुपारी कचेरीतून जेवायला घरी आलो, तर ताई दारात उभी. मी जवळजवळ धावतच पोचलो. गुरुवारी तिचं अलीकडे काही नसतं. दहा महिन्यांत ती डायलिसिसच्या सुईशिवाय कशालाच नदी ओलांडून आलेली नव्हती.

“काय झालं? श्वास लागतोय? पाय दाखव,” मी म्हणालो. मी आता आधी पाय बघतो.

तिने निमूटपणे साडी घोट्यापर्यंत उचलून दाखवली. पाय बारीक होते, हाडं दिसत होती.

“मग आलीस कशाला?”

“काही नाही रे,” ती म्हणाली आणि मला बाजूला सारून आत गेली. “सहज आले.”

खुर्चीत बसली, पदराने वारा घेतला आणि चहा टाक म्हणाली. अर्धाच कप, मोजून. मी स्वयंपाकघरात गेलो, पातेलं ठेवलं, आणि आधण येईपर्यंत तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो, कारण बाहेर आलो असतो तर तिने माझं तोंड पाहिलं असतं.